केसाएवढा गंधार

५ जानेवारी, सोमवार

नाही झालं.

चाचणी काल होती, पण काल लिहवलं नाही. गायनवृंदाच्या हॉलमध्ये आम्ही एकोणीस जणी होतो, घेणार होते तिघींना. माझा नंबर चौदावा. वृंदाच्या बाई आधी डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी डोळे उघडले. तिथेच मला कळलं.

"आवाज छान आहे," त्या म्हणाल्या. "मोकळा आहे. पण कान नाही. गंधार चढतो तुमचा."

मी म्हटलं, परत गाऊ द्या. गायले. परत चढला म्हणे. मला तो चढलेला ऐकूच आला नाही — हेच तर! ऐकू आला असता तर खाली आणला असता. मला तो अगदी जागच्या जागी वाटत होता.

साथीला पेटीवर एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना पेटीवाले म्हणतात. माझ्या गंधाराला त्यांनी दाढ दुखावी तसा चेहरा केला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

एकूण दोनच संधी देतात. दुसरी चाचणी १५ फेब्रुवारीला, रविवारी. तेव्हाही नापास झालं की वृंदाचं दार बंद, कायमचं.

घरी एवढंच सांगितलं, नाही झालं. आई म्हणाली, "बरं. हातपाय धू."


६ जानेवारी, मंगळवार

दादाने विचारून विचारून शेवटी काढून घेतलंच. "कान नाही म्हणाल्या?" त्याने माझ्या डाव्या बाजूला वाकून पाहिलं, मग उजव्या. "दोन दिसतायत की. बाबांकडून मोजून घे हवं तर."

आई हसली. मीही हसले, न हसून करणार काय.

बाबा नाही हसले. "त्या बाई रोज गळे ऐकतात," म्हणाले. "त्यांचं ते काम आहे. माझ्या कामात कुणी बाहेरचा येऊन बोलला तर मी ऐकून घेतो का? मग त्यांच्या कामात आपण कशाला बोलायचं. आपल्या घरात कुणाचा गळा होता सांग. तुझ्या आजीचा? ती हाक मारायची तर गल्लीतली कुत्री उठायची."

बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. चौतीस वर्षं एकाच दुकानात. दुकानातल्या त्यांच्या टेबलाखाली मखमलीच्या खाचांत बसवलेल्या प्रमाण वजनांची एक पेटी आहे, लहानपणी मला तिला हात लावायची परवानगी नव्हती. कुणी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, माल कमी भरतोय, तर बाबा मालाकडे बघतही नाहीत. आधी प्रमाण वजन टाकून काटा तपासतात. मग बोलतात.

आता काटे दुरुस्तीला येतच नाहीत फारसे. बिघडला की लोक नवा घेतात, आकडे दाखवणारा. बाबा त्यावर तपासणीच्या चिठ्ठ्या चिकटवतात. घरी आल्यावर हात धुवावे लागत नाहीत त्यांना हल्ली. तरी धुतात.


८ जानेवारी, गुरुवार

माझी नोकरी म्हणजे एक काचेची खोली. बसस्थानकाच्या बरोबर मध्यभागी, चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. मी मोजली आहेत. बटण दाबलं की टिंगटाँग वाजतं, मग मी बोलते: अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे. दिवसातून दोनशे वेळा. सगळं स्थानक मला ऐकतं, आणि माझं कुणीच ऐकत नाही.

शेजारच्या खुर्चीवर चौकशीच्या खिडकीत मावशी असतात. त्यांना इथे एकवीस वर्षं झाली. खिडकीला जी भोकं आहेत त्यातून बोलून बोलून त्यांचा चेहरासुद्धा भोकाच्या उंचीवर आलाय, असं त्याच म्हणतात.

आज साहेबांनी बोलावून फॉर्म दिला. मला कायम करतायत! पदवीधर म्हणून माझं नाव आधी. पण जागा दुपारपाळीची आहे, दोन ते दहा. बदलून मिळणार नाही, खाली सही करायची तशी. १७ फेब्रुवारीपर्यंत द्यायचा.

वृंदाचा सराव रोज संध्याकाळी सहा ते आठ असतो.

आईला सांगितल्यावर ती खाली बसलीच. आई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरी इस्त्री करते, उभ्याने, आठ तास. म्हणाली, "तू कायम झालीस की मी पाठ टेकेन गं बाई." मी पाळीबद्दल काही बोलले नाही.


११ जानेवारी, रविवार

सुट्टी होती. सकाळी पेटी काढून बसले.

ही पेटी बाबांनी आणली तेव्हा मी दहा वर्षांची होते. एक शाळा बंद पडली होती, तिथलं भंगार तोलायला दुकानाचा मोठा काटा गेला आणि काट्याबरोबर बाबा गेले. पेटी बाकांच्या आणि बादल्यांच्या ढिगात होती, किलोवर जाणार होती. भाता उंदरांनी खाल्लेला. बाबा ती खांद्यावरून घेऊन आले. मग पाच-सहा महिने प्रत्येक रविवारी ते तिच्यासमोर बसायचे. चामडं लावलं, मधल्या सप्तकाच्या पितळी पात्या एकेक करून साफ केल्या. मी समोर बसून स्क्रू धरायचे, हात घामेजेपर्यंत.

स्क्रू बसवताना बाबा शेवटी थोडा पुढे-मागे करून प्रत्येकाची खाच सरळ आडवी करतात. सगळ्या एका रेषेत. काट्यांनाही तसंच. त्याने वजनात काही फरक पडत नाही, मी विचारलं होतं. म्हणाले, "फरक मला पडतो."

झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी दुकानातली चिठ्ठी चिकटवली होती, दुरुस्त काट्याला चिकटवतात ती. अजून आहे. "तपासले. दोष नाही." खाली तारीख आणि सही.

आज तासभर गायले. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. बाहेर येऊन म्हणाले, "गंधार तर बरोबर येतोय तुझा. पेटीला चिकटून येतोय. मग तिथे काय होतं?"

"माहीत नाही."

"घाबरतेस. चार लोकांसमोर उभं राहायला वेगळी छाती लागते. ती नसते सगळ्यांकडे. त्यात कमीपणा नाही."

त्यांना मला बरं वाटावं म्हणूनच म्हणायचं होतं. मला वाटलं नाही.


१३ जानेवारी, मंगळवार

आरशासमोर उभी राहून स्वतःचे कान पाहिले. वेडेपणा.


१६ जानेवारी, शुक्रवार

दादाशी भांडण.

मी म्हटलं, मी फॉर्मवर सही केली नाही तर? नुसतं म्हटलं. तो जेवता जेवता थांबला. दादा सामानाची गाडी चालवतो, नववीतून शाळा सोडली त्याने. सहसा तो मस्करीच करतो, म्हणून तो गंभीर झाला की भीती वाटते.

"ती भिंतीवरची फ्रेम बघ," म्हणाला. भिंतीवर माझं पदवीचं प्रमाणपत्र आहे. "तुला वाटतं ते तुझं आहे. आम्ही सगळे मिळून पास झालोय ती परीक्षा. तू एकटीने उठून जाऊ शकत नाहीस."

  तो खोटं बोलला नाही.

पण मग माझं एकटीचं काय आहे या घरात? ही वही. आणि एक गंधार, तोही चुकीचा.


१९ जानेवारी, सोमवार

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

साडेअकराला चौकशीच्या खिडकीवर पेटीवाले आले. त्यांना गाडीची वेळ हवी होती. मावशी सांगत होत्या, तेवढ्यात मी घोषणा केली. ते खिडकीतून वाकून आत पाहायला लागले.

"त्या चढ्या गंधाराच्या बाई ना तुम्ही?"

मावशी म्हणाल्या, "अगबाई! हे काय नवीन नाव?"

मला काचेतून बाहेर पडून कुठेतरी जावंसं वाटलं. पण ते थट्टा करत नव्हते. म्हणाले, "मी पाऊण तास त्या बाकावर बसून ऐकतोय. घंटा वाजते ना, तिचा जो दुसरा सूर असतो, तुम्ही बोलायला तिथूनच सुरुवात करता. दर वेळी. लोकांचं इकडेतिकडे होतं. तुमचं नाही झालं."

मला माहीतही नव्हतं मी असं करते.

"ज्याला कान नाही तो रोज वेगळं चुकतो," ते म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी दोनदा गायलात, त्यात गंधार चार वेळा आला आणि चारही वेळा तेवढाच चढला. केसाएवढा. कमी नाही, जास्त नाही. अशी चूक करायला फार चांगला कान लागतो. घरी कुठल्या पेटीवर शिकलात?"

मी सांगितलं, बाबांनी दुरुस्त केलेल्या.

ते मग म्हणाले, "मधला गंधार आणि खालच्या सप्तकातला गंधार एकदम दाबून बघा." आणि त्यांची गाडी लागत होती म्हणून गेले. ती घोषणाही मीच केली.


२० जानेवारी, मंगळवार

दाबून पाहिले.

भांडतात. दोन माणसं एकाच दारातून एकदम निघायला बघतात तसे.

बारा वर्षांत मी ते दोन्ही कधी एकदम दाबलेच नव्हते. खालचं सप्तक आम्ही वापरत नाही. बाबांनीच सांगितलं होतं, खालच्या पात्या जुन्या आहेत, त्यांना हात नाही लावला, त्यांचं ऐकू नकोस. वरचे तर मुकेच आहेत. म्हणून मी मधल्याचंच ऐकत आले.

ज्यांना हात लावला नाही ते बरोबर आहेत.


२२ जानेवारी, गुरुवार

या आठवड्यात सुट्टी आज आली. घरात कुणी नव्हतं. बाबांचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पेटी उघडली.

मधल्या गंधाराची पाती लगेच सापडली. टोकाला घासलेली आहे, तिथे पितळ जास्त उजळ. शेजारच्या काही पात्यांच्या टोकाला शिशासारखा करडा थेंब आहे, भांड्याला डाख देतात तसा. हिच्यावर नाही. हिच्यावर तो होता, हे घासलेल्या जागेवरून कळतं.

आणि मग आठवलं. मी समोर बसले होते. बाबांनी कानस हातात घेतली होती आणि ते रागावले होते. म्हणाले होते, "ही बघ लबाडी. पातीला डाख चिकटवून वजन वाढवलंय कुणीतरी." काट्यांत लोक तेच करतात, वजनाच्या पोटात शिसं भरतात, पारड्याखाली काहीतरी चिकटवतात. बाबांनी आयुष्यभर तसले थेंब शोधून काढून खरवडले. त्यांनी तोही खरवडला. सगळ्यात मोठा, सगळ्यात डोळ्यावर येणारा. बाकीचे बारीक होते, दिसले नसतील.

पेटीला तो थेंब मुद्दाम दिलेला असतो. सूर खाली आणायला.

म्हणजे लबाडी नव्हती. ते माप होतं.

आई यायच्या आत घाईघाईने स्क्रू परत बसवले.


२५ जानेवारी, रविवार

सांगायचं ठरवलं होतं.

चहा देताना तोंड उघडलंही. पण बाबाच बोलायला लागले. दुकानात नवीन मुलगी ठेवली आहे, ती चिठ्ठ्या यंत्रावर छापते. बाबांना मालक म्हणाले, तुम्ही आता सावकाश येत जा. "सावकाश," बाबा म्हणाले. "चौतीस वर्षांत एक काटा चुकीचा सोडला नाही मी. एक दाखवा म्हणावं." मग पेटीकडे बघून म्हणाले, "ती पेटीसुद्धा. माझा धंदा नव्हता तो. तरी बघ."

मी म्हटलं, "साखर कमी झाली का?"

ते म्हणाले, "ठीक आहे."


२९ जानेवारी, गुरुवार

पेटीवाल्यांचं दुकान स्थानकामागच्या गल्लीत आहे. दुकान कसलं, एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना पेट्या, बसायला एकच स्टूल. मी सगळं सांगितलं. ते डाखाचं ऐकून हसले नाहीत, म्हणून मला ते आवडले.

"घेऊन या. दहा मिनिटांचं काम आहे."

"नाही आणता येणार."

"का?"

"बाबांना कळेल."

त्यांनी आपल्या पेटीवर गंधार दाबून धरला. म्हणाले, "मग इथे येत जा. पाळी सुटल्यावर अर्धा तास. हा धरा."

मी धरला आणि माझा गळा आपोआप वर सरकला. त्यांनी नुसती मान हलवली. परत. परत. खरा गंधार मला उतरलेला वाटतो, खोटा वाटतो. ओळखीच्या घरात रात्रीतून कुणीतरी पायरी थोडी खाली केली असावी, तसा पाय चुकतो.

शेवटी एकदा आला. अंगावर काटा आला माझ्या.

घरी सांगितलं, पेटीवाल्यांकडे सरावाला जाते. तेवढंच सांगितलं. आई म्हणाली, "पंधरा दिवसांचा खेळ आहे. जाऊ दे तिला."


३ फेब्रुवारी, मंगळवार

आता येतो. दहातून सात वेळा येतो.


४ फेब्रुवारी, बुधवार

आज घरी गायले. खरा गंधार लावला, पेटीवर सूर चालू ठेवून. मी बरोबर होते आणि पेटी चूक होती, आणि दोन्ही मिळून इतकं वाईट वाजलं!

बाबा बाहेर आले. त्यांना लगेच कळलं. त्यांचा कान — मला आज पहिल्यांदा लक्षात आलं — माझा कान त्यांच्याकडूनच आला आहे. केसाएवढा फरक, आतल्या खोलीतून.

"हे काय?" म्हणाले. "आता तर पेटीशीसुद्धा जमत नाही तुझं. उतरतोय."

"हो का."

"हो का काय? ऐकू येत नाही तुला?" त्यांचा स्वर एकदम खाली आला. "बाळ, एक सांगू? इतके दिवस मला वाटायचं त्या बाई चुकल्या असतील. मी तुझ्याकडून होतो. पण हे मी माझ्या कानांनी ऐकतोय. नको आता. काटा एवढं स्पष्ट सांगतोय तर वाद कशाला घालायचा?"

जितकी मी सुधारते, तितकी या घरात मी बिघडते. हे कुणाला सांगू?


७ फेब्रुवारी, शनिवार

घरी पेटी न लावता गायले तर बाबा म्हणतात, पेटी का सोडली, चूक लपवतेस. पेटी लावून तिच्यासारखं गायलं तर पेटीवाल्यांच्या दुकानात दुसऱ्या दिवशी गंधार परत वर. काल दहातून तीन.

पेटीवाले म्हणाले, "एका गळ्यात दोन गंधार राहत नाहीत. एकाला बाहेर काढावं लागेल."

मावशींना विचारलं, तुम्हाला कधी काही दुसरं व्हायचं होतं? त्या हसल्या. "मला पोहायला शिकायचं होतं. आता या डबक्यात बसलेय." आणि काचेवर टकटक केलं. मग खिडकीत कुणीतरी वेळ विचारली आणि त्यांनी सांगितली, अगदी गोड आवाजात.


९ फेब्रुवारी, सोमवार

घरी गात नाही. दोन दिवसांत तिसऱ्यांदा आई म्हणाली, "घर कसं शांत वाटतंय." तिने पेटीवर धुतलेल्या चादरींची घडी ठेवली आहे.


११ फेब्रुवारी, बुधवार

फॉर्मवर सही केली.

खूप विचार केला, असं लिहायला आवडलं असतं. नाही केला. जेवताना बाबांनी विचारलं, रविवारी जाणार आहेस का? मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, "परत तिथे उभी राहून तेच ऐकून येणार. मला बघवणार नाही." त्यांचे डोळे ओले होते! बाबांचे! मी त्यांना एका वाक्यात मोकळं करू शकत होते आणि त्याच वाक्यात बुडवू शकत होते. म्हणून पेन घेतलं.

कॉलेजात मी निबंधात लिहिलं होतं की सत्य बोलायला फक्त धैर्य लागतं. दहापैकी नऊ गुण मिळाले होते. एक गुण कशासाठी कापला ते आता कळलं.

फॉर्म पर्समध्ये आहे. मंगळवारी देईन.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

आईने चादरी काढल्या, तर बाबा पेटीपाशी वाकलेले. चष्मा कपाळावर.

"पेटी कुणी उघडली होती?"

"मी. धूळ काढली."

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

"हं." बोटाने त्यांनी मागचा तिसरा स्क्रू दाखवला. बाकी सगळ्या खाचा आडव्या रेषेत, ही एक तिरपी. त्या दिवशी मी घाईत बसवला होता.

"धूळ," बाबा म्हणाले. स्क्रूकडे नाही, माझ्याकडे बघत. मग चष्मा खाली ओढून आत गेले.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पेटीवाल्यांकडे गेले नाही. सही केल्यावर कशाला?


१४ फेब्रुवारी, शनिवार

बाबांनी आज दुकानाला सुट्टी टाकली. त्यांनी अशी टाकल्याचं मला आठवतच नाही. मी कामावर होते, दादा गाडी घेऊन गेलेला, आई ड्यूटीवर. संध्याकाळी आले तेव्हा ते हात धुत होते. सदऱ्याला डाखाचा वास येत होता, पूर्वी यायचा तसा. घरी कुणी काही दुरुस्तीला आणून दिलं असेल. बरं वाटलं. निदान एकाला तरी आपलं काम मिळालं.

जेवताना त्यांची भाकरी ताटातच राहिली. दादाने दोनदा मस्करी केली, तीही तशीच पडून राहिली.


१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी उठले तर पेटी खोलीच्या मध्यभागी, पुसलेली. खाचा सगळ्या सरळ. तिसरीसुद्धा.

मधला गंधार आणि खालचा गंधार एकदम दाबले. एकच सूर आला.

झाकण उघडलं. जुन्या चिठ्ठीवर एक आडवी रेघ. खाली नवी चिठ्ठी, बाबांच्या अक्षरात, दुकानातल्या पद्धतीने:

"दोष: मधला गंधार केसाएवढा चढा. कारण: दुरुस्ती करणाऱ्याची चूक. पेटीवाल्यांची पेटी प्रमाण धरून तपासले. गाणारीचा दोष नाही."

खाली तारीख, आणि सही. पूर्ण नावाची.

बाबा दारात पाठमोरे बसून माझ्या चपलेचा पट्टा नीट करतायत. दहाला चाचणी आहे. फॉर्म मंगळवारचा आहे, आणि आज रविवार आहे.

निघते.